ब्राझीलचा खर्ज

काजू आणि अननस हीं दोन फळें आपल्या घरांत इतकीं रुळलीं आहेत कीं, तीं एके काळीं परदेशांतून आलीं याची आठवणहि कोणास होत नाहीं. दोन्ही फळें मूळचीं दक्षिण अमेरिकेंतलीं. पोर्तुगीज दर्यावर्दी लोकांनीं तीं आपल्या किनाऱ्यास आणलीं, आणि त्यांचीं नांवेंसुद्धां ब्राझीलमधील तुपी लोकांच्या बोलींतून पोर्तुगीज भाषेंत व तेथून मराठींत उतरलीं. ज्या राज्यानें काजू गोव्यास आणला त्याच राज्यानें गोव्यांत आणि ब्राझीलमध्यें चर्चें बांधलीं, आणि चर्चांच्या पाठोपाठ युरोपांतील तंतुवाद्यें दोन्हीकडे पोंचलीं. त्यांतील सर्वांत थोरलें व सर्वांत खालच्या आवाजाचें वाद्य म्हणजे डबल-बेस. पोर्तुगीज भाषेंत व्हायोलिनास 'रबेका' म्हणत आणि या थोरल्या वाद्यास 'रबेकांव', म्हणजे मोठा रबेका. हा शब्द गोव्यांतील ख्रिस्ती वादकांच्या तोंडीं होता, तसाच तो रिओ डी जानेरोच्या वादकांच्याहि तोंडीं होता. पुढें ब्राझीलमध्यें या शब्दाचें दैव फिरलें. तेथें आज 'रबेकांव' म्हटलें म्हणजे शव वाहून नेणारी गाडी डोळ्यांपुढें येते!

ब्राझीलच्या वाद्यवृंदाचा इतिहास बहुधा थोर रचनाकारांच्या चरित्रांतून सांगितला जातो. आम्ही तो येथें खालच्या बाजूनें, म्हणजे या थोरल्या वाद्याच्या बाजूनें, पाहणार आहों. हें वाद्य सुमारें सहा फूट उंच असतें. वादक त्याच्यामागें उभा राहून किंवा उंच बैठकीवर टेकून तें वाजवितो. कधीं गजानें, कधीं बोटांनीं तार छेडून. त्यास सामान्यतः चार तारा असतात. व्हायोलिनच्या तारा पंचमाच्या अंतरानें लावतात. येथें त्या मध्यमाच्या अंतरानें लावाव्या लागतात, कारण तारा इतक्या लांब कीं पंचमाचें अंतर ठेवल्यास हाताचा पंजा पुरावयाचा नाहीं. सर्वांत खालच्या तारेस सेकंदाला सुमारें ४१ कंप होतात. स्वरलिपींत जो स्वर लिहिलेला असतो त्याच्या एक सप्तक खालचा स्वर प्रत्यक्षांत उमटतो. मोठ्या वाद्यवृंदांत व्हायोलिनवादक तीस असले तर डबल-बेसवादक आठांच्या आसपास असतात, आणि श्रोत्यांचें लक्ष त्यांच्याकडे क्वचितच जातें.

तरीहि साऱ्या इमारतीचा पाया या आठ जणांच्या हातीं असतो. आपल्या संगीतांत तंबोऱ्याचा षड्ज अचल राहतो आणि गायक त्याच्या आश्रयानें वर विहार करतो. पाश्चात्य स्वरमेळांत तळचा स्वर स्वतःच चालत असतो, आणि वरच्या स्वराचा अर्थ त्याच्या चालीवरून ठरतो. वरती एकच गंधार धरून ठेवावा. खालीं षड्ज असतां तो एक भाव सांगेल, आणि तळ सरकून धैवतावर आला कीं तोच गंधार निराळी गोष्ट बोलूं लागेल. म्हणून एखाद्या देशाचा वाद्यवृंद परक्यांचें अनुकरण करतो आहे कीं स्वतःची भाषा बोलतो आहे, हें ओळखावयाचें असेल तर कान तळाशीं लावावा. ब्राझीलच्या बाबतींत हा प्रश्न केवळ रसिकतेचा नाहीं. तेथें तळाचा स्वर कोणाचा, या प्रश्नांत समाजाच्या तळाशीं कोण होतें, हाहि प्रश्न गुंतलेला आहे.

सतराव्या शतकाच्या अखेरीस मिनास जेराइस प्रांतांत सोनें सांपडलें, आणि पुढील शंभर वर्षांत त्या डोंगराळ मुलुखांत श्रीमंत गांवें उभीं राहिलीं. तेथील भाविकांचीं मंडळें आपापल्या उत्सवांतील संगीताचा मक्ता देत असत. मक्ता घेणारे वादक व रचनाकार पुष्कळसे मिश्रवर्णी होते. त्यांची आई किंवा आजी आफ्रिकेंतून आणलेल्या गुलामांपैकीं असे, आणि ते स्वतः स्वतंत्र नागरिक म्हणून या धंद्यांत शिरलेले असत. लोबो द मेस्किता हा इ. स. १८०५ मध्यें वारलेला रचनाकार त्यांतलाच. त्या काळच्या वह्यांत चार गायनस्वर, दोन व्हायोलिनें, दोन हॉर्न आणि तळाशीं नुसता 'बाइशो', म्हणजे 'खालचा', एवढाच शब्द आढळतो. तो भाग कोणत्या वाद्यानें वाजवावयाचा हें पुष्कळदां लिहिलेलें नसे. गांवांत जें वाद्य असेल आणि जो वादक मिळेल त्यानें तो सांभाळावा, अशी रीत होती. वाद्याचेंच नांव जेथें लिहिण्याची गरज वाटली नाहीं, तेथें वादकाचें नांव कोण लिहून ठेवणार?

इ. स. १८०८ मध्यें एक अपूर्व घटना घडली. नेपोलियनच्या सैन्याच्या भीतीनें पोर्तुगालचा सारा दरबार लिस्बन सोडून जहाजांतून रिओ डी जानेरोस येऊन राहिला. वसाहत ही एकाएकीं राजधानी झाली. तेथें त्या वेळीं कॅथीड्रलचा संगीतप्रमुख जोझे माउरिसियो नूनेस गार्सिया नांवाचा एक धर्मोपदेशक होता. त्याचा जन्म इ. स. १७६७ चा. त्याचे आईबाप मिश्रवर्णी, पूर्वज गुलाम. धर्मदीक्षा घेतांना 'रंगाचा दोष' माफ करून घेण्यासाठीं त्याला वेगळी परवानगी मिळवावी लागली होती. तो आपल्या घरीं मुलांस संगीत फुकट शिकवीत असे. राजपुत्र जोआओ यानें त्याचें गुण ओळखून त्याला राजाच्या चर्चचा संगीतप्रमुख नेमलें. परंतु दरबारी मंडळींस त्याचा वर्ण सहन होईना. इ. स. १८११ मध्यें लिस्बनहून मार्कोस पोर्तुगाल हा नामांकित रचनाकार आला आणि जोझे माउरिसियोस मागें सरावें लागलें. तरी त्याची विद्या हटली नाहीं. हायडनचा शिष्य सिगिस्मुंड नॉयकोम्म त्या वेळीं रिओमध्यें होता. जोझे माउरिसियोच्या नेतृत्वाखालीं इ. स. १८१९ मध्यें मोझार्टची मृतात्म्यांसाठींची प्रार्थना तेथें झाली, आणि नॉयकोम्मनें तिचें कौतुक युरोपांतील संगीतविषयक नियतकालिकास लिहून कळविलें. असा हा मनुष्य इ. स. १८३० मध्यें दारिद्र्यांत मरण पावला. त्याच्या सव्वादोनशेंहून अधिक कृति उपलब्ध आहेत.

त्याच काळांत रिओजवळील सांता क्रूझ येथील राजाच्या जमिनीवर गुलाम स्त्रीपुरुष गात होते व वाद्यें वाजवीत होते. ही प्रथा तेथें पूर्वीच्या जेझुइट पाद्र्यांनीं पाडलेली होती. दरबार तेथें गेला म्हणजे प्रार्थनेचें संगीत त्यांच्याकडूनच होई. शेतावर राबणारे हात संध्याकाळीं गज धरीत, आणि त्या संगीतानें राजा प्रसन्न होई. ब्राझीलमधील गुलामगिरी कायद्यानें बंद झाली ती इ. स. १८८८ च्या मे महिन्याच्या १३ तारखेस. म्हणजे चर्चच्या संगीताचा तळ ज्यांनीं धरला, त्यांच्यापैकीं कित्येकांचे वंशज त्यानंतरहि साठ-सत्तर वर्षें दुसऱ्याची मालमत्ता म्हणूनच मोजले गेले.

चर्चच्या मागून ऑपेराचा काळ आला. जोझे माउरिसियोचा शिष्य फ्रान्सिस्को मानुएल दा सिल्व्हा यानें ब्राझीलच्या राष्ट्रगीताची चाल बांधली, आणि त्याच्याच खटपटीनें रिओमध्यें संगीतविद्यालय निघून इ. स. १८४८ मध्यें तें सुरू झालें. कांपिनास गांवच्या बँडमास्तरचा मुलगा कार्लोस गोमेस याच विद्यालयांत शिकला, बादशहा दुसरा पेद्रो याच्या आश्रयानें मिलानला गेला, आणि इ. स. १८७० च्या मार्चमध्यें तेथील ला स्काला नाट्यगृहांत त्याचा 'इल ग्वारानी' हा ऑपेरा गाजला. कथानक जोझे द आलेंकार याच्या ब्राझिली कादंबरीचें, नायक रानांतला आदिवासी; पण भाषा इटालियन आणि स्वरमेळहि इटालियन. त्याच्या आरंभींच्या वाद्यसंगीताचे सूर पुढें सरकारी रेडिओच्या रोजच्या कार्यक्रमाची खूण बनले, आणि देशांत असा मनुष्य विरळा कीं ज्यानें ते ऐकले नाहींत. डबल-बेसवादकाला या संगीतांत जें काम असे तें मिलानच्या वादकाला असे तेंच. गायकाला आधार द्यावयाचा, वादळ आलें कीं गडगडाट करावयाचा, आणि एरव्हीं गप्प राहावयाचें.

रिओच्या नाट्यगृहांत त्या काळीं इटालियन कंपन्या दर मोसमास येत. इ. स. १८८६ च्या जूनमध्यें अशाच एका कंपनीचा ब्राझिली वाद्यवृंदचालक लेओपोल्दो मिगेस यानें मतभेद होऊन काम सोडलें. ३० जून रोजीं 'आइदा'च्या वेळीं श्रोत्यांनीं त्याच्या जागीं आलेल्या इटालियन चालकांस हुर्यो करून खालीं उतरविलें. तेव्हां चेलोवादकांच्या रांगेंतून एक एकोणीस वर्षांचा मुलगा पुढें झाला आणि त्यानें सारा खेळ पुस्तक न उघडतां, केवळ स्मरणानें, पार पाडला. त्या मुलाचें नांव आर्तुरो तोस्कानीनी. जगांतील अत्यंत प्रसिद्ध वाद्यवृंदचालकाची कारकीर्द रिओच्या चिडलेल्या प्रेक्षकांसमोर, तळच्या तंतुवाद्यांच्या रांगेंतून, सुरू झाली.

मग ब्राझीलचा स्वतःचा ठेका वाद्यवृंदांत केव्हां आला? त्याचा मान आल्बेर्तो नेपोमुसेनो (१८६४–१९२०) यास पुष्कळसा द्यावा लागेल. बर्लिनमध्यें शिकत असतांना त्यानें 'सेरी ब्राझिलेइरा' ही चार भागांची रचना केली. इ. स. १८९७ मध्यें ती रिओस वाजली. तिचा शेवटचा भाग 'बातूक', म्हणजे आफ्रिकन वंशाच्या लोकांचें नृत्य. त्यांत त्यानें रेको-रेको हें खांचा पाडलेलें व काडीनें घांसून वाजवावयाचें लोकवाद्य घातलें. सभ्य सभागृहांत हें वाद्य पाहून कांहीं टीकाकारांच्या भुंवया वर चढल्या. पुढें राष्ट्रीय संगीतसंस्थेचा संचालक असतांना त्यानें इ. स. १९०८ मध्यें कातुलो दा पाइशाओ सेआरेन्स या लोकगायकास गिटार घेऊन तेथें गाऊं दिलें, तेव्हांहि असाच गहजब झाला. गिटार हें रस्त्यावरचें, उनाडांचें वाद्य अशी त्या काळची समजूत होती.

रस्त्यावरच्या याच गिटारांतून ब्राझिली वाद्यवृंदाचा नवा तळ निघाला. रिओमध्यें 'शोरो' नांवाचा वादकांचा मेळ असे. बासरी वर नाचे, कावाकिन्यो हें लहानसें तंतुवाद्य ठेका धरी, आणि गिटारवादक खालच्या तारांवर स्वतःची एक चाल विणीत राही. या खालच्या चालीस तेथें 'बाइशारिया' म्हणतात. ती नुसता आधार देत नाहीं. ती वरच्या सुरास उत्तर देते, कधीं त्याची थट्टा करते, कधीं त्याच्या पुढें धांवते. हे वादक बहुधा दिवसां टपालखात्यांत किंवा कचेरींत लहानसहान नोकरी करणारे. अशा मंडळींत हेइतॉर व्हिला-लोबोस (१८८७–१९५९) गिटार घेऊन वाढला. त्याचा बाप राष्ट्रीय ग्रंथालयांत नोकरीस असून हौसेनें चेलो वाजवी. पोराच्या लहान हातांस चेलो झेपेना, म्हणून त्यानें व्हिओला हें वाद्य चेलोसारखें उभें धरून त्यास शिकविलें. बाप इ. स. १८९९ मध्यें वारला आणि मुलगा पुढें नाट्यगृहांत, उपाहारगृहांत व चित्रपटगृहांत चेलो वाजवून पोट भरूं लागला. पियानोवर बसून रचना करणारा मनुष्य वरून खालीं पाहतो. व्हिला-लोबोसनें संगीत खालून वर पाहिलें, हा त्याचा विशेष आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

इ. स. १९२२ च्या फेब्रुवारींत साओ पावलो येथें आधुनिक कलेचा सप्ताह भरला. तेथें व्हिला-लोबोस एका पायांत बूट व दुसऱ्यांत चप्पल घालून रंगमंचावर आला. ही कांहीं नव्या पंथाची टवाळी आहे असें समजून लोकांनीं ओरडा केला. वास्तविक त्याचा पाय दुखावलेला होता. याच सप्ताहांतील एक पुढारी मारियो द आन्द्राद यानें इ. स. १९२८ मध्यें ब्राझिली संगीतावरील आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, आणि रचनाकारांनीं लोकसंगीताची भाषा आत्मसात् करावी असा आग्रह धरला. व्हिला-लोबोसनें इ. स. १९३० ते १९४५ या काळांत 'बाकियानास ब्राझिलेइरास' या नांवाच्या नऊ रचना केल्या. जर्मनीचा बाख आणि रिओचा शोरो यांत त्याला नातें दिसलें, कारण दोघांच्याहि संगीतांत तळचा स्वर बोलका आहे.

येथें एक मौज सांगण्याजोगी आहे. या मालिकेंतील पहिली रचना केवळ चेलोंसाठीं, आणि सर्वांत लोकप्रिय झालेली पांचवी एका स्त्रीस्वरासाठीं व आठ चेलोंसाठीं आहे. दोहोंतहि डबल-बेस नाहीं! तळाचें काम चेलोंनाच वांटून दिलें आहे, आणि पांचवीच्या आरंभीं ते तारा छेडून गिटारचा भास उत्पन्न करतात. डबल-बेसवादकास हा अन्याय वाटेल. परंतु दुसऱ्या रचनेच्या शेवटीं जेव्हां खेड्यांतली लहानशी आगगाडी धापा टाकीत निघते, तेव्हां तिचें वजन खालच्या तारांवरच पडतें. आणि नवव्या रचनेंत, जी तंतुवाद्यांसाठीं आहे, अकरा मात्रांच्या अवघड आवर्तनांत डबल-बेसला इतरांच्या बरोबरीनें विषय मांडावा लागतो. मिनासच्या वहींतल्या निनांवी 'बाइशो'पासून येथपर्यंतचा हा प्रवास आहे.

रेडिओच्या काळांत या गोष्टीस आणखी एक वळण मिळालें. आरी बारोसो याचें 'आक्वारेला दो ब्राझील' हें गाणें इ. स. १९३९ मध्यें निघालें. त्याचें वाद्यसंयोजन रादामेस गनात्ताली यानें केलें. गाण्यांत वारंवार येणारा तो प्रसिद्ध ठेका डबल-बेसनें वाजवावा, अशी बारोसोची इच्छा होती असें सांगतात. गनात्तालीनें तो सॅक्सोफोनांस दिला, आणि तो जगभर ओळखीचा झाला. ढोलाचा ठेका फुंकून वाजविण्याच्या वाद्यांनीं उचलावा, ही त्या काळीं नवी कल्पना होती. तळाचें बोलणें वर चढलें, एवढाच त्याचा अर्थ.

आज जो विद्यार्थी हें संगीत डबल-बेसवर शिकूं इच्छितो, त्याच्यापुढें दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली ठेक्याची. युरोपीय कवायतीच्या चालींत पहिल्या मात्रेवर भार असतो. सांबामध्यें मोठ्या ढोलाचा भारी आघात दुसऱ्या मात्रेवर पडतो. शिवाय एका मात्रेचे चार भाग केले तर ब्राझिली चालींत ते वारंवार एक, दोन, एक असे वांटले जातात. मधला स्वर लांबतो आणि भार जागेवरून सरकतो. लिपींत हें लिहितां येतें, पण किती सरकवावयाचें हें लिपी सांगत नाहीं. फार नेमकें वाजविल्यास तें यंत्रासारखें होतें, सैल वाजविल्यास सारा वृंद कोलमडतो. लग्गी किंवा लावणीचा ठेका कागदावरून शिकलेल्या मनुष्याची जी गत होते, तीच येथें होते. म्हणून शिक्षक विद्यार्थ्यास गज खालीं ठेवावयास सांगतात आणि आधीं गिटारवादकाची खालची चाल ऐकावयास लावतात.

दुसरी अडचण कागदाचीच आहे. मिनासचें संगीत कित्येक पिढ्या गांवोगांवच्या मंडळांनीं हातानें नकला करून जिवंत ठेवलें. साओ जोआओ देल-रेइ येथील 'लिरा सांजोआनेन्स' हें मंडळ इ. स. १७७६ मध्यें स्थापन झालेलें असून तें अद्यापि चर्चच्या उत्सवांत वाजवितें. परंतु बाहेरच्या विद्वानांस या ठेव्याची किंमत कळली ती इ. स. १९४० नंतरच्या दशकांत, जेव्हां फ्रान्सिस्को कुर्ट लांगे या मूळच्या जर्मन संशोधकानें त्या वह्या धुंडाळल्या. त्यानें पुष्कळ हस्तलिखितें आपल्याबरोबर नेलीं, म्हणून त्याच्यावर रागहि झाला. कालांतरानें तो संग्रह ओरो प्रेतो येथील संग्रहालयांत आला. व्हिला-लोबोसची कथा याहून फारशी वेगळी नाहीं. त्यानें बारा सिंफनी लिहिल्या, त्यांतील पांचवी हरवली आहे. बाकीच्यांच्या वादकांसाठींच्या प्रतींत इतक्या चुका होत्या कीं, साओ पावलोच्या राज्य वाद्यवृंदानें इ. स. २०११ पासून इझाक काराबचेव्हस्की यांच्या नेतृत्वाखालीं त्या ध्वनिमुद्रित करतांना आधीं त्या शुद्ध करून घेतल्या. एखाद्या डबल-बेसवादकानें वर्षानुवर्षें चुकीचा स्वर इमानानें वाजवावा आणि तो चुकीचा आहे हें कोणाच्या कानीं येऊं नये, असें या प्रतींमुळें सहज होऊं शकत होतें. तळाच्या स्वराकडे दुर्लक्ष झालें म्हणजे काय होतें, याचें हें उदाहरण पुरेसें बोलकें आहे.

आपल्याकडे पाहिलें तर गोव्यांतील चर्चच्या शाळांतून स्वरलिपि व व्हायोलिन शिकलेलीं मुलें पुढें मुंबईस आलीं, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत त्यांनींच वाद्यवृंद उभा केला. त्या गाण्यांच्या तळाशीं डबल-बेस छेडणारे हातहि बरेचसे गोव्याचेच होते. पडद्यावर त्यांचीं नांवें क्वचितच आलीं. व्हायोलिन दक्षिणेंत रागसंगीताचें झालें, हार्मोनियम मराठी रंगभूमीची झाली. डबल-बेस मात्र आपल्याकडे गाण्याच्या मागेंच उभा राहिला. ब्राझीलमध्यें तो पुढें कां येऊं शकला, याचें कारण आम्हांस असें दिसतें कीं, तेथील रचनाकारांनीं वाद्य युरोपाचें ठेवलें, पण त्यानें काय बोलावें हें गिटारवाल्या कारकुनांस आणि ढोल वाजविणाऱ्या गुलामांच्या नातवंडांस विचारलें. जोझे माउरिसियोस जो समाज मागें सारीत होता, त्याच समाजाला शंभर वर्षांनंतर आपली ओळख त्याच लोकांच्या ठेक्यांत शोधावी लागली.

वाचकांस 'खेड्यांतली आगगाडी' ऐकण्याचा योग आला तर वरच्या सुरेल चालीवर क्षणभर कान न देतां खालच्या तारांकडे लक्ष द्यावें. गाडी सुटतांना प्रथम त्याच हलतात, आणि ती थांबतांना शेवटचा भार त्यांच्याच अंगावर येतो.